फोंड्याचा चढ, चिऱ्याची भिंत आणि गोचिडीची तीन महिन्यांची गोळी

आमचं घर गोव्यात, फोंड्याजवळ फर्मागुडीच्या उतारावर, बांदोड्याच्या बाजूला. रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्याच्या ४२ पायऱ्या उतराव्या लागतात. सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की आमची कुत्री भिंगरी त्या पायऱ्या एका दमात चढून वर जायची. मी पैसे आणि पिशवी घेऊन पोचेपर्यंत ही पोयांच्या, म्हणजे गोव्याकडच्या पावांच्या, टोपलीशेजारी बसलेली असायची. दोन वर्षांपूर्वी, नवरात्र नुकतंच संपलं होतं, तेव्हा एका सकाळी ती नवव्या पायरीवर बसली. वर भोंगा वाजत होता, हिने नुसतं डोकं उचललं आणि पुन्हा पायावर ठेवलं.

ज्या गोळीबद्दल लिहायला बसले आहे तिचा त्या नवव्या पायरीशी संबंध आहे, म्हणून सुरुवात तिथून केली. गोळी म्हणजे गोचिड्या मारणारं फ्लुरालॅनर, दुकानात ब्रॅव्हेक्टो या नावाने मिळणारी. कुत्र्याने चावून खायची, एका गोळीचा परिणाम बारा आठवडे. आम्ही ती दोन वर्षं वापरतो आहोत. फोंड्यात, उसगावात, साखळीत, वाळपईत, जिथे घराच्या मागे डोंगर आणि काजूची झाडं आहेत तिथे कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

भिंगरी गावठी कुत्री. फोंड्याच्या तिस्कावर पावसात भिजत उभी होती, तिथून माझ्या मुलाने आणली. वजन १७ किलो. ती बसली त्या दिवशी मला वाटलं, ऊन फार आहे, दमली असेल. दुसऱ्या दिवशी जेवली नाही. आम्ही तिला एका दवाखान्यात नेलं. तिथे ताप बघितला, एक इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. रक्त तपासलं नाही, कानात बघितलं नाही. मीही विचारलं नाही, हे मला अजून लागून राहिलं आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई सोप्यावर वाती वळत बसल्या होत्या, त्यांनी हाक मारली, "अगो, बेगीन यो, हिच्या नाकातून रगत येतंय." धावत गेले तर जमिनीवर रक्ताचे चार थेंब आणि भिंगरी ते चाटत होती.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पांढुरक्या झाल्या होत्या. तिला उताणी करून पोटाची कातडी दाखवली, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. रक्त काढलं. प्लेटलेट ३४,०००. निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या आसपास किंवा वर असतात. एहर्लिकिया, म्हणजे गोचिडीमुळे होणारा ताप. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस, रोज, आणि कधीही रिकाम्या पोटी नाही. "ताई, औषधाने ही बरी होईल," डॉक्टर म्हणाले, "पण घरात गोचिड्या आहेत तोवर हा ताप पुन्हा दारात उभा राहणार. आधी त्यांचं बघा."

गोचीड आम्हाला नवीन नव्हती. लहानपणी आमच्या घरी गुरं होती, गोचिड्या काढून चुलीत टाकायच्या, विषय संपला. भिंगरीलाही मी महिन्यातून एकदा अमिट्राझ या गोचिडीच्या औषधाच्या पाण्याने धुवायचे. वास दोन दिवस घरभर राहायचा, आणि पावसाळ्यात ती तासाभरात भिजून यायची की सगळं वाहून जायचं. कडुनिंबाचं तेल लावून बघितलं. अंग तेलकट झालं, गोचिड्या होत्या तिथेच राहिल्या. ज्यांना त्याने गुण येतो त्यांनी जरूर लावावं, मला आला नाही.

गोळीबद्दल पहिली गोष्ट अशी की ती खाल्ल्यावर अंगावर गोचीड चढणारच नाही, असं होत नाही. औषध कुत्र्याच्या रक्तात असतं. गोचीड चढते, चावते, रक्त पिते, त्या रक्तातून औषध तिच्या मज्जातंतूंवर जातं आणि साधारण एक-दोन दिवसांत ती मरते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात भिंगरीच्या अंगावर गोचिड्या दिसतच होत्या आणि मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "जिवंत आहेत की सुकलेल्या?" चिमट्याने काढून बघितलं. सुकलेल्या होत्या, बाजरीच्या कोंड्यासारख्या चपट्या, पाय आत वळलेले. पहिल्या सात दिवसांत अशा ३१ निघाल्या. मी वहीत मांडून ठेवल्या आहेत. दुसऱ्या आठवड्यात १२. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा १९, आणि तेव्हा मला कळेना की हा आकडा वर कसा गेला.

त्याचं उत्तर भिंतीत होतं.

आमच्या मागच्या पडवीची भिंत उघड्या चिऱ्याची आहे, गिलावा नाही. जुन्या घरांतून असते तशी, भोकाभोकांची, पावसाळ्यात गार आणि ओलसर. भिंगरी तिथेच गोणपाटावर झोपते. एका रात्री दहाच्या सुमारास मी बॅटरी घेऊन ती भिंत बघायला बसले. विजेच्या मीटरच्या पेटीखाली दोन चिऱ्यांच्या सांध्यातली माती झडून बोटभर खाच पडली होती. त्या खाचेच्या कडेने एक फुगलेली मादी वर चढत होती. भिजवलेल्या वालाएवढी, तशीच तुकतुकीत, रंग राखाडी. पाय पुढच्या बाजूला, एवढेसे, आणि ते गच्च पोट भिंतीवरून ओढत चाललेलं. दोन बोटं अंतर जायला तिला माझ्या डोळ्यांदेखत दोन-तीन मिनिटं लागली. मी खाचेत उजेड धरला. आत अंड्यांचा पुंजका होता, नाचणीच्याच रंगाचा पण नाचणीहून बारीक दाण्यांचा, एकमेकांना चिकटलेला. त्याच्या बाजूला आणखी एक. वर पेटीच्या मागे तिसरा.

ही कुत्र्याची तपकिरी गोचीड. रक्त पिऊन झालं की ती कुत्र्याच्या अंगावरून खाली पडते आणि अंडी घालायला भिंतीच्या फटीत शिरते, पुष्कळदा उंच चढून. एक मादी ४,००० पर्यंत अंडी घालू शकते. अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, ते कुत्र्यावर चढून रक्त पितं, खाली पडतं, कात टाकून आठ पायांचं होतं. पुन्हा चढतं, पुन्हा पडतं, मग मोठी गोचीड होते. म्हणजे एका जन्मात तीनदा कुत्र्यावर आणि मधला सगळा काळ भिंतीत. मोठी गोचीड काही न खाता कित्येक महिने तग धरते. आपण कुत्रं धूत बसतो आणि कारखाना चिऱ्याच्या भोकांत चालू असतो. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर भिंगरीच्या नाकातून रक्त आलं नसतं.

हे कळल्यावर गोळीचा खरा उपयोग माझ्या ध्यानात आला. ती कुत्र्यालाच सापळा करते. भिंतीतून निघालेली प्रत्येक पिढी रक्तासाठी भिंगरीवर चढणार, तिथे मरणार, आणि परत जाऊन अंडी घालायला उरणार नाही. मात्र भिंतीत आधीच असलेली अंडी आणि पिल्लं एकेक करून बाहेर येईपर्यंत हे चालू राहायला हवं. आकडा मधेच वर जातो तो त्यामुळे. बारा आठवड्यांची गोळी आणि महिन्याची गोळी यांत मला फरक वाटला तो इथेच. अफॉक्सोलॅनरसारखी औषधं याच कुळातली आहेत, तीही कामाची, पण महिन्यातून एकदा द्यायची आठवण ठेवावी लागते. चतुर्थीच्या गडबडीत, घरात पाहुणे असताना, मी ती नक्की विसरले असते, आणि मधले दहा दिवस रिकामे गेले की भिंतीला पुरेसे होतात.

भिंतीचंही केलं. सगळे सांधे खरवडून सिमेंटने भरून घेतले. गोणपाट जाळलं, आता जुन्या साड्यांची धडपी वापरते आणि दर आठवड्याला उकळत्या पाण्यात घालते. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून एकदा फवारणी करून घेतली, तेव्हा भिंगरीला पूर्ण दिवस माझ्या भावाकडे ढवळीला ठेवलं होतं. घरात मांजर असेल तर इथे फार सांभाळा. कुत्र्यांसाठी मानेवर लावायची काही औषधं मिळतात, त्यांत पर्मेथ्रिन असतं. ते मांजरासाठी विष आहे, मांजराने त्या कुत्र्याला चाटलं किंवा त्याला बिलगून झोपलं तरी. शेजारच्या वहिनींची मांजर आमच्याच पडवीत निजते, म्हणून मी ते औषध घरात आणलंच नाही.

दुसरी गोळी फेब्रुवारीत दिली. वहीत एप्रिलच्या पानावर संपूर्ण महिन्यात ३ लिहिल्या आहेत. तिथे मी चुकले. मे महिन्यात तिसरी द्यायची होती, अंगावर काही दिसत नव्हतं, भावाच्या मुलीचं लग्न होतं, खर्च होता. म्हटलं, पावसाळ्यात बघू. जूनच्या अखेरीस भिंगरीच्या उजव्या कानात एका गुच्छात ७ सापडल्या, सगळ्या जिवंत. त्याच दिवशी गोळी दिली आणि रक्त तपासून घेतलं. ठीक निघालं. तेव्हापासून चुकवलेली नाही. वर्षाला चार लागतात, कधी पाच, आणि थंडी-ऊन-पाऊस असा फरक करायचा नाही. आपल्याकडे गोचिडीला सुट्टीचा महिना नसतो.

आता सावधगिरीचं. गोळी वजनाच्या पट्ट्याप्रमाणे येते. भिंगरीची १० ते २० किलोची, ५०० मिलिग्रॅमची. अंदाजाने घेऊ नका. मी काट्यावर आधी एकटी उभी राहते, मग तिला उचलून, आणि वजाबाकी करते. जेवणाबरोबर द्यायची, भरल्या पोटी ती अंगी जास्त लागते. आठ आठवड्यांहून लहान किंवा दोन किलोहून हलक्या पिल्लाला देत नाहीत. ज्या कुत्र्याला कधी फिट आली आहे त्याच्या मालकाने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नये. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१८ साली या संपूर्ण कुळातल्या औषधांबद्दल सावध केलं होतं की काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं किंवा फिट येणं असे त्रास दिसतात. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, औषध बाजारात आहेच, पण मी पहिल्यांदा दिली ती सकाळी दिली आणि तो दिवसभर रजा टाकून घरी बसले. भिंगरीला काही झालं नाही. तरी तुम्हीही पहिल्या वेळी सकाळीच द्या, रात्री देऊन झोपू नका.

अजून एक, आणि हे आमच्यासारख्या घरांत विचारलं जाईलच. गोळीला चव असते ती डुकराच्या काळजाची. सासूबाईंना मी हे लपवलं नाही. आमचं देवघर स्वयंपाकघराला लागून आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मुक्या जिवाचं औषध ते. सोप्यावर दी, आणि हात धुवून ये." तेव्हापासून गोळी सोप्यावरच्या फळीत राहते, तिथेच तिच्या भाताच्या ताटलीत पडते, आणि हात मी बाहेरच्या नळावर धुते. पाकिटावरही औषध हाताळल्यावर हात धुवा असंच लिहिलेलं आहे.

विकत कुठे घ्यावी? मी एकदा स्वस्त पडते म्हणून ऑनलाइन मागवली. विक्रेत्याने डबीशिवाय, नुसती कापलेली पट्टी पाठवली, मुदतीची तारीख कापलेल्या बाजूला गेलेली. ती मी भिंगरीला दिली नाही, पैसे गेले. आता डॉक्टरांकडून किंवा ओळखीच्या औषधाच्या दुकानातून बंद डबी घेते, तारीख बघून. एकदम पैसे मोजताना हाताला लागतं हे खरं. पण तापाच्या त्या महिन्यात रक्ताच्या चाचण्या, सलाईन, औषधं आणि रिक्षा मिळून माझे साडेअकरा हजार गेले होते, वर्षभराच्या गोळ्या त्याहून कमीत झाल्या.

गोळीची उणीव कुठे आहे ते स्पष्ट सांगते. मरायच्या आधी गोचीड चावते, आणि एहर्लिकियाचे जंतू चावल्यापासून काही तासांतच अंगात जाऊ शकतात. म्हणजे धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून फर्मागुडीच्या माळावरून, गोपाळ गणपतीच्या मागच्या बाजूने फिरून आलो की हाताने बघणं सुटलेलं नाही. घाणेरीची झुडपं आणि गुडघाभर गवत मी टाळते, डांबरी रस्त्याच्या कडेने नेते. घरी आल्यावर कानाच्या आत, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी बोट फिरवायचं. जिवंत सापडली तर चिमटा कातडीला टेकवून सरळ ओढायची, पिळायची नाही, नखाने चिरडायची तर अजिबात नाही. साबणाच्या पाण्यात टाकायची. रॉकेल लावून ती आपोआप सुटते हे खरं नाही. ती तोवर आणखी वेळ चिकटून राहते, एवढंच.

एक गोष्ट मला नेहमी वाटते. रेबीजच्या बाबतीत गोव्यात फार मोठं काम झालं. मिशन रेबीज ही संस्था २०१४ साली इथे आली, सरकार त्यात उतरलं, आणि आजही जाळी घेतलेली पोरं वाड्यावाड्यात येतात, रस्त्यावरच्या कुत्र्यांना पकडून लस टोचतात, डोक्यावर रंगाची खूण करतात आणि सोडून देतात. आमच्या दारात येऊन भिंगरीलाही फुकट टोचून गेले. पूर्वी इथे माणसं रेबीजने मरायची, आज तशी बातमी आली तर आपल्याला धक्का बसतो. ते काम मी हात जोडून मान्य करते. पण गोचिडीसाठी दारात कुणी येत नाही. ते आपलं आपल्यालाच करायचं, आणि त्याची माहितीसुद्धा ज्याचं कुत्रं आजारी पडलं त्यालाच मिळते. आमच्या वाड्यावरच्या चार घरांना मी हे तोंडी सांगितलं. दोघांनी गोळी सुरू केली. तिसऱ्यांचा टायगर मागच्या दिवाळीत गेला. नाकातून रक्त, तीन दिवस, तोच ताप असावा असं मला वाटतं. त्यांनी तपासलं नव्हतं.

भिंगरीला सगळ्या पायऱ्या एका दमात चढायला पुढे सात आठवडे लागले. मधे नवव्या पायरीवर थांबायची, मग चौदाव्या, मग कुंपणाच्या वळणापर्यंत. मी मागे उभी राहायचे, ढकलायचे नाही. दत्तजयंतीच्या आदल्या सकाळी भोंगा वाजला तेव्हा मी चहा गाळत होते, पिशवी घेऊन वर गेले तर ती टोपलीशेजारी बसलेली. पदेराने तिच्यासाठी एक पोय आधीच काढून ठेवली होती.

कालनिर्णयवर पुढच्या गोळीच्या तारखेभोवती आता सासूबाईच कुंकवाच्या बोटाने खूण करतात. संध्याकाळी वाती वळून झाल्या की भिंगरी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवते आणि त्या तिचा कान उलटून उजेडाकडे धरतात. डोळ्यांनी त्यांना नीट दिसत नाही, बोटांनी कळतं. काल म्हणाल्या, "काय ना गो, स्वच्छ आसा."